विश्लेषण : तीच गिटार, तेच प्लगइन, तरी वसईत आवाज स्वच्छ आणि विरारमध्ये फाटका… ‘इनपुट गेन’चे गणित काय?

वसई आणि विरार यांच्यामध्ये नालासोपारा हे एकच स्थानक. पण समजा, वसईतील एका तरुणाने लॅपटॉपवर गिटारचा एक स्वच्छ, गोड आवाज जमवला आणि त्याचे सेटिंग विरारच्या मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. मित्राकडे त्याच बनावटीची गिटार आहे आणि प्लगइनही तेच आहे. तरीही त्याच्या हेडफोनमध्ये तोच आवाज फाटका येतो. मित्राला वाटते, आपली गिटार हलकी आहे. मग नवे पिकअप, नवी केबल, नवे प्लगइन अशी खरेदीची यादी तयार होते. प्रत्यक्षात फरक असतो तो ऑडिओ इंटरफेसवरील एका लहानशा खटक्याचा, म्हणजे ‘इनपुट गेन’चा. हा गेन किती ठेवावा, ‘लाल दिवा लागेपर्यंत वाढवा’ हा सल्ला इथे का चालत नाही आणि खिशाला भार न देता हा प्रश्न कसा सोडवता येतो, याविषयी…

अ‍ॅम्पची जागा लॅपटॉपने का घेतली?

वसई परिसरात गिटार नवी नाही. चर्चमधील मराठी गायनवृंद, लग्नातील बँड, नाताळचे कार्यक्रम यांत ती पिढ्यानपिढ्या वाजते आहे. मात्र इलेक्ट्रिक गिटारचा खरा आवाज गिटारमध्ये कमी आणि अ‍ॅम्पमध्ये जास्त असतो. व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प चांगला वाजण्यासाठी बराच मोठा करावा लागतो. वन रूम किचनमध्ये, भिंतीला भिंत लागून शेजारी राहात असताना ते शक्य नसते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. दिवसभर लोकलने चर्चगेटपर्यंत जाऊन-येऊन करणाऱ्याला गिटार हाती घ्यायला वेळ मिळतो तो नेमका रात्रीच.

हेडफोनवर अ‍ॅम्पचा आवाज ऐकण्याची धडपड जुनी आहे. ‘बॉस्टन’ या रॉक बँडचे गिटारवादक आणि एमआयटीत शिकलेले अभियंता टॉम शोल्झ यांनी १९८२ मध्ये ‘रॉकमन’ हे खिशात मावेल असे उपकरण बाजारात आणले. १९९८ मध्ये ‘लाइन सिक्स’ कंपनीच्या ‘पॉड’ने अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल घरोघरी पोहोचवली. आज तेच काम लॅपटॉपमधील प्लगइन करते. गिटारची केबल ऑडिओ इंटरफेसमध्ये, इंटरफेस यूएसबीने लॅपटॉपला आणि हेडफोन इंटरफेसला, एवढीच जोडणी. ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’सारखे प्लगइन तर मोफत आणि मुक्त स्रोत आहे. त्यामुळे अडथळा आता पैशांपेक्षा समजुतीचा उरला आहे.

गेन आणि व्हॉल्यूम यांत फरक काय?

व्हॉल्यूम म्हणजे कानापर्यंत किती आवाज पोहोचतो ते. गेन म्हणजे आत येणारा विद्युत संदेश किती पटीने वाढवला जातो ते. इंटरफेसमध्ये गिटारचा संदेश आधी एका प्रीअ‍ॅम्पमधून जातो. तिथे गेनच्या खटक्यानुसार तो वाढतो. त्यानंतर कन्व्हर्टर त्याचे आकड्यांत रूपांतर करतो आणि ते आकडे प्लगइनला मिळतात.

सर्वांत जास्त होणारी चूक इथेच होते. हेडफोनमध्ये आवाज कमी वाटला की अनेक जण गेन वाढवतात. आवाज मोठा होतो खरा, पण त्याबरोबर प्लगइनमधील अ‍ॅम्पही जास्त रेटला जातो आणि स्वच्छ आवाज फाटू लागतो. आवाज कमी वाटत असेल, तर हेडफोनचा खटका किंवा प्लगइनचा आउटपुट वाढवायचा. गेनला हात लावायचा नाही.

प्लगइनला गिटारचा जोर कसा कळतो?

खरा अ‍ॅम्प आठवून पाहा. गिटारची केबल थेट अ‍ॅम्पमध्ये जाते. मध्ये इंटरफेस नसतो, गेनचा वेगळा खटकाही नसतो. तार हलकी छेडली तर कमी व्होल्ट, जोरात छेडली तर जास्त व्होल्ट. अ‍ॅम्पमधील पहिला व्हॉल्व्ह त्या व्होल्टला प्रतिसाद देतो. कमी व्होल्टवर आवाज स्वच्छ राहतो, जास्त व्होल्टवर तो फाटू लागतो. वादकाच्या बोटांची हीच भाषा अ‍ॅम्पला समजते.

प्लगइन या अ‍ॅम्पची नक्कल करते, पण त्याला व्होल्ट दिसत नाहीत. त्याला दिसतात फक्त आकडे. डिजिटल मोजमापात सर्वांत वरची पातळी शून्य धरतात आणि बाकी सर्व पातळ्या त्याखाली उणे आकड्यांत मोजतात. या एककाला डीबीएफएस म्हणतात. आता उणे १२ डीबीएफएस म्हणजे नेमके किती व्होल्ट? याचे उत्तर प्रत्येक इंटरफेसमध्ये वेगळे आणि गेनच्या प्रत्येक जागेवर वेगळे. नकाशा तोच, पण प्रमाणपट्टी बदललेली, असा हा प्रकार.

म्हणून प्लगइन बनवताना एक प्रमाण गृहीत धरावे लागते. शून्य डीबीएफएस म्हणजे अमुक इतके डीबीयू. डीबीयू हे व्होल्टशी जोडलेले माप आहे. शून्य डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्ट. पातळी ६ डेसिबलने वाढली की व्होल्ट सुमारे दुप्पट होतात आणि २० डेसिबलने वाढली की दहापट. वापरणाऱ्याचा इंटरफेस आणि प्लगइनचे गृहीतक जुळले, तर नक्कल खऱ्या अ‍ॅम्पसारखी वागते. जुळले नाही, तर कोणीतरी गिटार आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये न सांगता एक बूस्ट पेडल ठेवल्यासारखे होते. विरारच्या मित्राचे तेच झाले. त्याच्या इंटरफेसचा गेन १० डेसिबलने जास्त असेल, तर प्लगइनला त्याची गिटार तिप्पटीहून अधिक व्होल्टची भासते.

‘मीटर उणे १२ वर आणा’ हा सल्ला कुठे चुकतो?

गायकाचा माइक लावताना हा सल्ला योग्य आहे. माइकचा संदेश अगदी क्षीण असतो. तो वाढवावाच लागतो आणि माइकमागे कोणता अ‍ॅम्प रेटायचा नसतो. गिटारसाठी मात्र हाच नियम लावला, तर एक महत्त्वाची गोष्ट हरवते.

समजा, एकाच वादकाकडे दोन गिटार आहेत. एकीला सिंगल कॉइल पिकअप आहेत, ज्यांचा संदेश मुळातच कमी जोराचा. दुसरीला हंबकर आहेत, ज्यांचा जोर जास्त. गेन एकाच जागी ठेवला असता पहिलीचा उच्चांक उणे २० आणि दुसरीचा उणे १० वर येतो. आता दोघींसाठी गेन फिरवून उच्चांक उणे १२ वर आणला, तर पहिली ८ डेसिबलने वाढली आणि दुसरी २ डेसिबलने कमी झाली. दोन गिटारमधला १० डेसिबलचा खरा फरक पुसला गेला. खऱ्या अ‍ॅम्पसमोर एक गिटार स्वच्छ आणि दुसरी दणकट वाजली असती. प्लगइनला मात्र त्या दोन्ही सारख्याच ताकदीच्या वाटतात. मग ‘हंबकर बसवूनही काही फरक पडला नाही’ अशी तक्रार होते.

काही नव्या इंटरफेसमध्ये थोडा वेळ वाजवले की गेन आपोआप ठरवण्याची सोय असते. आवाज फाटू नये यासाठी ती उपयोगी आहे. पण ती मीटर पाहून गेन ठरवते, व्होल्ट पाहून नाही. त्यामुळे अ‍ॅम्पच्या प्लगइनसाठी ती बंद ठेवणेच बरे.

गेन कमी ठेवला, तर खरखर वाढत नाही का?

ही भीती जुन्या काळातून आली आहे. १६ बिट ध्वनिमुद्रणात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान पातळीतील सैद्धांतिक अंतर सुमारे ९६ डेसिबल होते. टेपवर तर आणखी कमी. त्यामुळे संदेश शक्य तितका वर ठेवण्याची सवय लागली. आजचे इंटरफेस २४ बिटवर चालतात. त्यात हे अंतर सिद्धांतानुसार सुमारे १४४ डेसिबल होते. प्रत्यक्ष उपकरणात ते कमी भरते, तरी गिटारला पुरून उरते. उणे १५ किंवा उणे २० वर येणारा संदेश मीटरवर दुबळा दिसतो, पण त्यात काही बिघडलेले नसते.

शिवाय अ‍ॅम्पचा गेन वाढवल्यावर ऐकू येणारी बहुतेक गुणगुण इंटरफेसची नसतेच. ती गिटारच्या पिकअपमधून येते. घरातील वायरिंग, चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर, ट्यूबलाइट यांच्याभोवतीचे ५० हर्ट्झचे क्षेत्र सिंगल कॉइल पिकअप हमखास टिपतो. गेन वाढवला, तर संदेशाबरोबर ही गुणगुणही तितकीच वाढते. दोघांमधले अंतर तेच राहते.

याची खात्री करायला वीज जाण्यासारखी दुसरी संधी नाही. घरातली वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला की यूएसबीवर चालणारा इंटरफेसही चालू राहतो. त्या वेळी गुणगुण एकदम थांबली, तर दोष गेनचा नाही, घरातील वीजजोडणीचा आहे. वीज असताना लॅपटॉपचा चार्जर काढूनही हे तपासता येते. चार्जर काढताच गुणगुण थांबत असेल, तर त्या सॉकेटचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल, तर गिटारपासून लॅपटॉप आणि चार्जर दूर ठेवून, बसण्याची दिशा बदलून पाहावे.

आकड्यांचा हिशेब कसा करायचा?

इंटरफेसच्या माहितीपत्रकात ‘इन्स्ट्रुमेंट इनपुट’ या शीर्षकाखाली कमाल इनपुट पातळी दिलेली असते. हा आकडा सहसा गेन कमीत कमी असतानाचा असतो. उदाहरणार्थ, ‘फोकसराइट’च्या तिसऱ्या पिढीतील ‘स्कारलेट २आय२’साठी हा आकडा १२.५ डीबीयू आहे. म्हणजे गेन पूर्ण मागे असताना १२.५ डीबीयूचा संदेश शून्य डीबीएफएसला टेकतो. माइक किंवा लाइन इनपुटचा आकडा वेगळा असतो. तो इथे वापरायचा नाही.

दुसरा आकडा प्लगइनचा. काही कंपन्या आपले प्लगइन किती डीबीयू गृहीत धरून बनवले आहे हे सांगतात. ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’च्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये तर इंटरफेसचा आकडा भरण्याची सोयच दिली आहे. वापरलेल्या मॉडेलमध्ये ही माहिती नोंदवलेली असेल, तर प्लगइन पातळी स्वतःच जुळवून घेते.

हिशेब एका वजाबाकीचा आहे. इंटरफेसच्या आकड्यातून प्लगइनचा आकडा वजा करायचा. जे उत्तर येईल, तितका बदल प्लगइनच्या इनपुट स्लायडरवर करायचा. समजा, प्लगइन १२ डीबीयू गृहीत धरते. इंटरफेस १२.५ चा असेल, तर स्लायडर अधिक ०.५ वर. हा फरक कानाला जाणवणारही नाही. इंटरफेस १८ चा असेल, तर अधिक ६ वर. इंटरफेस ८ चा असेल, तर उणे ४ वर. हे सर्व गेन कमीत कमी ठेवूनच.

गेन कमीत कमी ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. खटक्याच्या इतर कोणत्याही जागी नेमके किती डेसिबल वाढले, हे बहुतेक स्वस्त इंटरफेसवर लिहिलेले नसते. आज ‘दहा वाजता’ ठेवलेला खटका उद्या बॅगेत घासून ‘अकरा वाजता’ जातो. पूर्ण मागे मात्र एकच जागा असते. ती वसईत, नालासोपाऱ्यात आणि विरारमध्ये सारखीच सापडते.

माहितीपत्रकात आकडा नसेल, तर?

साधा मल्टिमीटर हाताशी असेल, तर हा आकडा घरी काढता येतो. लॅपटॉपच्या किंवा फोनच्या हेडफोन जॅकमधून १०० हर्ट्झचा साधा सूर वाजवायचा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून केबलच्या टोकाचा आणि बाहेरच्या भागाचा व्होल्टेज मोजायचा. आवाज कमी-जास्त करून तो ०.७७५ व्होल्टवर आणायचा. आता तो सूर इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्ये, गेन कमीत कमी ठेवून द्यायचा आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधील मीटर वाचायचे. मीटर उणे १२.५ दाखवत असेल, तर इंटरफेसची कमाल पातळी १२.५ डीबीयू.

फोनमधून एवढा व्होल्टेज मिळत नसेल, तर ०.३९ व्होल्टवर थांबायचे. ही पातळी सुमारे उणे ६ डीबीयू होते. मग मीटरवरील आकड्यातून ६ वजा करायचे. मीटर उणे १८.५ दाखवेल आणि उत्तर पुन्हा १२.५ येईल. सूर १०० हर्ट्झचाच घ्यायचा, कारण स्वस्त मल्टिमीटर उंच सुरांवर चुकीचे आकडे दाखवतात.

कमीत कमी गेनवरही लाल दिवा लागला, तर?

जोरदार हंबकर किंवा बॅटरीवर चालणारे अ‍ॅक्टिव्ह पिकअप असतील, तर हे होऊ शकते. त्याकडे दुर्लक्ष करू नये. कन्व्हर्टरच्या आधी संदेश कापला गेला, तर लाटेची टोके कायमची जातात. प्लगइनचा इनपुट स्लायडर नंतर कितीही खाली आणला, तरी ती परत येत नाहीत. दूध उतू गेल्यावर गॅस बारीक करण्यासारखे ते आहे. उलट संदेश कमी पातळीवर आला असेल, तर तो प्लगइनमध्ये सहज वाढवता येतो. म्हणजे चूक करायचीच, तर खालच्या बाजूला करावी.

उपाय साधे आहेत. इंटरफेसवर ‘पॅड’चे बटण असेल, तर ते दाबावे आणि पॅड जितके डेसिबल कमी करते तितके कमाल पातळीच्या आकड्यात मिळवावेत. पिकअपची उंची स्क्रू फिरवून थोडी कमी करता येते. तारांपासून पिकअप दूर गेला की जोर कमी होतो.

सुरुवात कुठून करावी?

* गिटारची केबल इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्येच लावावी आणि ‘इन्स्ट’चे बटण सुरू करावे. या इनपुटचा रोध दहा लाख ओहमच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. लाइन इनपुटचा तो फार कमी असल्याने गिटारचा आवाज दबका आणि मळकट येतो.
* ४८ व्होल्टचे बटण बंद ठेवावे. ते कंडेन्सर माइकसाठी असते.
* गिटारवरील व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडावेत. इंटरफेसचा गेन पूर्ण मागे घ्यावा.
* सर्वांत जोरकस पिकअपवर, आपण वाजवू शकतो तितक्या जोरात सर्व तारा छेडाव्यात. लाल दिवा लागता कामा नये.
* वजाबाकीचे उत्तर प्लगइनच्या इनपुट स्लायडरवर लावावे आणि ते प्रत्येक गिटारसाठी तसेच ठेवावे.
* मित्राला सेटिंग पाठवताना इंटरफेसचे नाव आणि गेनची जागाही लिहून पाठवावी.

शेवटी कान महत्त्वाचा की आकडा?

संगीतात अंतिम निकाल कानाचाच. मुद्दाम इनपुट वाढवून अ‍ॅम्प रेटणे हीसुद्धा जुनी पद्धत आहे. अ‍ॅम्पच्या आधी बूस्ट पेडल लावणारे वादक तेच करतात. फरक एवढाच की, ते पेडल त्यांनी स्वतःच्या पायाने सुरू केलेले असते. गेनचा हिशेब माहीत नसलेल्याच्या साखळीत ते नकळत सुरू राहते आणि त्याचा दोष गिटारला, प्लगइनला किंवा स्वतःच्या बोटांना दिला जातो.

पहिला पगार झाल्यावर धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानात जाऊन घेतलेली गिटार कोपऱ्यात पडते, ती अनेकदा अशाच न सुटलेल्या कोड्यांमुळे. विरारच्या त्या मित्राला नवे पिकअप नको होते, नवे प्लगइनही नको होते. खटका पूर्ण मागे घेऊन एक वजाबाकी करायची होती. तेवढे केले, की हळू छेडलेली तार हळूच वाजते आणि जोरात छेडलेली जोरात. रात्री शेजारी झोपलेले असतानाही.